रत्नागिरीवरून

झाडगाव, रत्नागिरी
४ फेब्रुवारी २०२४

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. पोस्टमनने पाकीट हातात देताना विचारलं, "काय गो, विलायतेतले फोन बंद पडले काय?" मी म्हटलं, बाईंना फोनवर ऐकू येत नाही आणि त्या बारीक पडद्यावर लिहायला त्यांची बोटं तयार नाहीत. "मग तुझी?" म्हणाला. माझी आहेत. पण जाताना तुम्हीच बजावून गेलात की फोनवर लिहिलेलं घरभर फिरतं, मला काही सांगायचं असेल तर कागदावर सांग. म्हणून कागद.

घर ठीक आहे. रोज दोन्ही दारं उघडते. मागच्या विहिरीवरची जाळी गंजली होती, ती बदलून घेतली. मी अजून मधल्याच खोलीत झोपते. लांज्याच्या आतल्या आमच्या गावातून बारावीचा निकाल घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कॉलेज संपेपर्यंत राहा. कॉलेज संपलं, मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, आणि राहिलेच. मग कुकर करपला, शिट्ट्या तुम्हाला ऐकू आल्या नाहीत, मी शाळेत होते, आणि सलिलदादा मँचेस्टरहून येऊन तुम्हाला घेऊन गेले. त्या दिवशी मला शाळेतून अर्धा तास लवकर निघता आलं असतं. हे मी अजून मनातून काढलेलं नाही.

सातवीच्या मुलींना मी पृथ्वीगोलावर दोरा धरून अंतर मोजायला शिकवते आहे. पहिलं अंतर रत्नागिरी ते मँचेस्टर काढलं. सात हजार किलोमीटरच्या वर गेलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दोरा पुरला पण!" तिला ते जवळ वाटलं.

सहा महिन्यांनी याल असं सलिलदादा म्हणाले होते. मे महिना धरू ना?

तुमची
वेदिका

&nbsp;

मँचेस्टर
२७ फेब्रुवारी २०२४

चि. वेदिका,

तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत. कुठल्या ते सांगत नाही. शोध.

कुकरचं पुन्हा लिहिलंस तर मी ते पत्र न वाचता परत पाठवीन. कुकर माझा होता आणि कानही माझे.

इथे सकाळी सगळे बाहेर पडतात. मग मी, खिडकी आणि समोरच्यांचं मांजर. दुपारी ओवी शाळेतून येते. तिने माझ्यासाठी एक पांढरी पाटी आणली आहे. तिच्यावर लिहून माझ्याशी बोलते. काल लिहिलं, "आजी, तूला भूख लागली?" मी खाली दोन रेघा मारल्या, तर ती चिडली आणि "फाइन" लिहून निघून गेली. दहा मिनिटांनी परत आली आणि ‘तुला’ आणि ‘भूक’ बरोबर लिहून दाखवलं. माझी नात आहे, यात शंका नको. सलिल संध्याकाळी आला की माझ्या शेजारी बसतो. बोलता येत नाही म्हणून नुसता बसतो. इथे माझं कुणी वाईट करत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तू मनातल्या मनात खटले चालवतेस आणि आरोपीला बोलू देत नाहीस.

मे महिन्यात माझा इथला परवाना संपतो. नऊ तारखेला निघायचं आणि उर्वीकडे ब्रिस्बेनला जायचं असं ठरतं आहे. तिथेही सहाच महिने ठेवतात.

जाताना रत्नागिरीवरून जाणार आहे.

बाकीचं नक्की ठरलं की लिहीन.

बाई

&nbsp;

रत्नागिरी
२४ मार्च २०२४

बाई,

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पुन्ना वाच." पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आता त्येंना पाठवू नको हां परत."

मी गोलावर बसले. मँचेस्टर ते ब्रिस्बेन दोरा धरला तर साडेसोळा हजार किलोमीटर भरतात. पृथ्वीचा अर्धा घेर वीस हजार. म्हणजे तुमच्या मुलांनी एकमेकांपासून याहून फार लांब राहायचं ठरवलं असतं तरी पृथ्वी पुरली नसती! आणि दुसरी गंमत. सरळ दोरा धरला तर तो रशिया आणि चीनवरून जातो. रत्नागिरी त्या वाटेवर येतच नाही. तुम्ही आमच्यासाठी वाट वाकडी करून येताय. मी मुलींना सांगितलं, नकाशावरची सगळ्यात जवळची वाट माणसं नेहमी धरत नाहीत.

सलिलदादांना मेसेज करून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "आईचं अजून ठरतंय, कळवतो." कळवतील.

तुमच्या खोलीला चुना लावून घेतला. गादी तीन दिवस उन्हात टाकली. शेजारच्या तुळसाकाकू विचारत होत्या, "किती दिवस राहणार गो?" ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी त्यांना सांगितलं, ठरायचंय. पण बाई, मी तुम्हाला स्पष्टच विचारते. पुढे जायलाच हवं का? मी सकाळची शाळा मागून घेते. साडेअकराला घरी. दारावर दिव्याची घंटा लावू, कुणी बटण दाबलं की दिवा लागतो, मी दुकानात बघून आले आहे. गॅसऐवजी विजेची शेगडी घेऊ, आपोआप बंद होणारी. मी सगळ्याचा विचार केलेला आहे. माणसाला त्याच्या घरी राहता यावं, यात अवघड काय आहे हेच मला कळत नाही.

कॉलेजचे आमचे भूगोलाचे सर परवा बाजारात भेटले. म्हणाले, "काय गो, यंदाही सोडणार काय जागा?" मी हसून म्हटलं, सर, यंदा तर प्रश्नच नाही, बाई येतायत.

तुम्ही या फक्त.

वेदिका

&nbsp;

ब्रिस्बेन
१२ मे २०२४

चि. वेदिका,

पोहोचले. गुडघे सुजले आहेत, बाकी शाबूत.

तुझं मार्चचं पत्र निघण्याआधी मिळालं. ते वाचून कळलं की माझ्या ‘वरून’चा अर्थ तू ‘मार्गे’ असा घेतलास. सलिलला म्हटलं, तिला कळव. त्याने कळवलं असेलच. मी लिहिलं होतं ते शब्दशः खरं होतं. विमान रत्नागिरीवरून गेलं. वरून म्हणजे वरून. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो, त्याला मी काय करू?

मँचेस्टरहून दुबई सात तास. तिथे एक मुलगा मला चाकाच्या खुर्चीतून दुसऱ्या विमानाकडे घेऊन गेला. वाटेत दारांवर गावांची नावं लागलेली होती. मग पुढे चौदा तास. सगळं मिळून अंतर साडेसतरा हजारांवर जातं, तुझ्या दोऱ्यापेक्षा हजार जास्त, कारण विमान दुबईला वळसा घेतं.

दुबईहून निघाल्यावर समोरच्या पडद्यावर मी नकाशा लावून ठेवला. समुद्र, समुद्र, नुसता समुद्र. मग एकदम कडेला किनारा आला आणि त्याच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, रत्नागिरी. मुंबई बरीच वर राहिली होती, गोवा खाली होता. मध्ये एकटी रत्नागिरी. एवढ्या जगात त्यांना लिहायला तेच गाव सापडलं.

खिडकीशी एक ऑस्ट्रेलियन बाई होती. मी पडद्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. ती बिचारी लगेच उठली आणि मला खिडकी दिली. दुपार होती. खाली धुरकट होतं, तरी पाण्याची कड दिसली आणि तिच्या आत तांबूस कातळाचा सडा. आपलंच गाव होतं का ते शपथेवर सांगत नाही. पडद्यावर लिहिलं होतं, उंची अकरा किलोमीटर. हातखंबा आपल्या घरापासून तेरा. म्हणजे मी हातखंब्याच्या अलीकडे होते, वेदिका. नाक्यावर उतरून रिक्षा करावी एवढ्यावर.

वाटलं, आत्ता तू मागच्या दारी असशील. वाळत घातलेलं काहीतरी उलटत असशील.

मग नाव पडद्याच्या मागच्या कडेला गेलं. त्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला होता, तो मला बऱ्याच वेळाने दिसला.

उर्वीचं घर मोठं आहे. अंगणात एक पक्षी वेड्यासारखा हसतो असं उर्वी म्हणते. मला तो नुसता चोच उघडताना दिसतो.

बाई

&nbsp;

रत्नागिरी
१४ मे २०२४

बाई,

हे पत्र उर्वीताईंच्या पत्त्यावर पाठवते आहे.

सलिलदादांचा मेसेज एप्रिलमध्ये आला होता. "आई नऊला निघते आहे. दुबईला विमान बदलून ब्रिस्बेन." मला वाटलं ब्रिस्बेन म्हणजे शेवटचा मुक्काम, मधलं त्यांनी गृहीत धरलं. दुबई ते मुंबई तीन तास. मी हिशेब केला की तुम्ही दहा तारखेला दिवसभरात कधीतरी मुंबईत उतरणार. किती वाजता, ते विचारलं. उत्तर आलं नाही. कामात असतील म्हणून पुन्हा त्रास दिला नाही.

आई म्हणाली, मी पन येतंय. तिने विमानतळ पाहिला नव्हता. आम्ही दोघी आदल्या दिवशीच्या गाडीने गेलो. आईने घावने करून घेतले होते, तुम्हाला तिच्या हातचे लागतात म्हणून. दहाला सकाळपासून आम्ही बाहेरच्या कठड्याशी उभ्या. फलकावर दुबईचं विमान लागलं की मी आईला सांगायचे. चाकाची खुर्ची दिसली की आई पुढे घुसायची. एकदा तर ती एका म्हाताऱ्या बाईंच्या खुर्चीला हात लावून आली. त्या गुजराती होत्या. त्यांच्या मुलाने विचारलं, "किसको लेने आये हो?" आई म्हणाली, "आमच्या बाईंना." तो म्हणाला, "कौनसी फ्लाइट?" आईने मला विचारलं, "कंचा गो?" एवढी शिकले आणि कुठलं विमान तेच मला माहीत नव्हतं.

दुपारी आई म्हणाली, "गेल्या तर नसतील आपल्याला न बगता?" मी तिच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर.

संध्याकाळी सलिलदादांना फोन लावला. ते म्हणाले, अगं, आई तर थेट ब्रिस्बेनला चालली आहे, तुला कळवलं होतं ना? त्यांचा आवाज खरोखर आश्चर्याचा होता. मी म्हटलं, हो, कळवलं होतं.

घावने आम्ही परतीच्या गाडीत शेजारच्यांना वाटले. आईने रिकामा डबा पदराने पुसून पिशवीत ठेवला. म्हणाली, "लिवलेलं नीट वाचलंस ना तू?"

बाई, मी नीट वाचलं होतं ना?

वेदिका

&nbsp;

रत्नागिरी
२ जून २०२४
(ईमेल)

उर्वीताई,

आपली फारशी ओळख नाही. तरी लिहिते, कारण कुणीतरी लिहायला हवं.

बाईंचं पत्र काल मिळालं. त्यांनी विमानातून रत्नागिरी पाहिली. ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही आणि सलिलदादांनी त्यांना सामानासारखं त्यांच्याच घरावरून नेलंत. दुबईहून मुंबई फक्त तीन तास होती. चार दिवस उतरवता आलं नसतं? त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांना काही वाटतही नाही असं तुम्ही धरून चालता का? सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे, आणि मधलं अर्धं जग त्यांनी सुजलेल्या गुडघ्यांनी पार करायचं. मी त्यांची कुणी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी घर उघडून बसले आहे.

राग आला तर येऊ द्या.

वेदिका

&nbsp;

ब्रिस्बेन
३ जून २०२४
(ईमेल)

वेदिका,

राग आला होता. मग तुझं विमानतळाचं पत्र आलं, आईने ते मला वाचायला दिलं, आणि राग कुणावर धरायचा तेच कळेना.

तुला एक गोष्ट माहीत नाही. आईने सांगू नको म्हटलं आहे, पण मी सांगणार आहे.

तिचं तिकीट रत्नागिरीचं होतं. खरंच. दादाने फेब्रुवारीत काढलेलं. मँचेस्टर, दुबई, मुंबई. पुढे ब्रिस्बेनचं तिकीट काढूच नका असं ती म्हणाली होती. उर्वीकडे जाईन, पण आधी घरी, आणि घरी गेल्यावर बघू. आम्हाला दोघांनाही कळलं होतं की ती गेली की परत येणार नाही. आम्ही तयार झालो होतो. दिवसरात्र राहणारी एक बाईसुद्धा दादाने चिपळूणकडची शोधून ठेवली होती. तुला शेवटच्या क्षणी सांगून चकित करायचं होतं तिला.

एप्रिलच्या मध्यावर तिने पाटीवर लिहून दादाला सांगितलं, तिकीट रद्द कर, थेट उर्वीकडचं काढ. दादाने विचारलं, का? तिने पाटी पुसली. चार दिवस तो विचारत होता. ओवीने विचारलं. मी इकडून कॅमेऱ्यासमोर कागद धरधरून विचारलं. काही नाही.

ती रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसते, तोंड एकाच दिशेला करून. मी एकदा फोनवर दिशा बघितली. वायव्य आहे. इथून तुम्ही वायव्येला.

तू म्हणतेस आम्ही तिला उतरू दिलं नाही. तूच तिला विचार ना, ती का उतरली नाही. तुला सांगेल ती. आम्हाला कधी सांगत नाही.

उर्वी

&nbsp;

रत्नागिरी
४ जून २०२४

बाई,

उर्वीताईंनी मला सगळं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका.

मी बरोबर वाचलं होतं. तुम्ही ‘मार्गे’ याच अर्थाने लिहिलं होतंत, आणि मग मला व्याकरण शिकवलंत. विमानतळावरून आल्यापासून मी स्वतःला मूर्ख समजत होते. आईला सांगितलं की चूक माझी, शब्दाचा अर्थ मला लागला नाही. ती म्हणाली, जाऊं दे, शिकल्याली मानसं पन चुकतात.

तुम्ही येणार होतात. एप्रिलमध्ये असं काय झालं? माझ्या पत्रात काही चुकलं का? मी दहा वेळा आठवून पाहिलं. मी फक्त या म्हटलं होतं.

मला खरं उत्तर द्या. कितीही वाईट असू दे.

वेदिका

&nbsp;

ब्रिस्बेन
२१ जून २०२४

चि. वेदिका,

तू आणि हौसा दिवसभर तिथे उभ्या होतात, हे मला आयुष्यभर पुरेल. हौसाला सांग, तिच्या मुलीने नीट वाचलं होतं. हे तिला माझ्या नावाने सांग. शब्दाच्या आड लपायला नको होतं मी. पण दुसरी जागाच दिसली नाही.

तुझं मार्चचं पत्र फार आनंदाचं होतं. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यात एक अक्षर जास्त दिसलं. सर म्हणाले, यंदा‘ही’ सोडणार काय जागा?

मागच्या जुलैत तू मला सांगितलंस, पुण्याला एम.ए.ला नंबर लागला नाही. मी दोन दिवस तुझी समजूत घालत होते. तुझ्या आवडीची खांडवी केली होती. आता कळलं, समजूत मी तुझी घालत नव्हते, बसून ऐकत तूच माझी घालत होतीस. तुझी जागा होती, आणि तू ती सोडलीस, कारण मला एकटीला सोडवेना. आणि यंदा पुन्हा सोडायला निघालीस, हसत हसत, बाजारात उभी राहून, कारण बाई येतायत.

तू म्हणशील, मला इथेच आवडतं म्हणून राहते. म्हणशीलच. तुझ्यासारखी मुलगी मनाविरुद्ध काही करत नाही, मन वळवून घेते आणि मग करते. मी तुला हे समोर सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. वाद घालायला मीच शिकवलं, त्यामुळे जिंकली असतीस. चिपळूणची बाई ठेवली असती तरी तू गेली नसतीस. तिला मीठ किती घालायचं ते सांगायला राहिली असतीस.

आपण दोघी त्या घरात सुखाने राहिलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे. पण मग तू त्या घरातून कधी निघायचं ते माझ्या मरणावर ठरलं असतं. वेदिका, माझ्या मरणाची वाट कुणी बघू नये. प्रेमानेसुद्धा बघू नये. तुझ्या घरात तुझ्याआधी कुणी पदवीपर्यंत गेलं नाही. तिथे तुला थांबवणारी भिंत मी व्हायची नाही.

म्हणून पुढचं सगळं करून टाकलं आहे. उर्वीने तुझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, तिचा नकार मी पुढे पाठवलाच नाही, खणात ठेवला आहे. जागा जुलैअखेरपर्यंत तुझी आहे. आणि घर मी भाड्याने दिलं आहे. सानिका म्हणून एक मुलगी आहे, जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स. तिला दोन लहान मुलं आहेत आणि नवरा वीज मंडळात. करार पाच वर्षांचा. सत्तावीस जुलैला येतील. घर मोकळं राहिलं असतं तर तू किल्ली घेऊन बसली असतीस, म्हणून मोकळं ठेवलं नाही.

आता तू विचारशील, बाई, तुम्हाला यावंसं वाटत नाही का?

हा एक प्रश्न मला विचारू नको. बाकी काही विचार.

बाई

&nbsp;

रत्नागिरी
२८ जुलै २०२४

बाई,

तुमचं पत्र आल्यावर मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात तुमच्याशी भांडले होते. दुसऱ्यात सिद्ध करून दाखवलं होतं की दोन्ही गोष्टी जमल्या असत्या. तिसऱ्यात तो प्रश्न विचारला होता. तो विचारत नाही.

तुम्ही माझ्यासाठी ठरवलंत, मला न विचारता. मीही मागच्या वर्षी तुमच्यासाठी तेच केलं होतं. त्यामुळे मला बोलायला तोंड नाही, पण राग आहे. तो लगेच जाईल असं वाटत नाही.

उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला निघते आहे. वसतिगृहात खोली मिळाली. सरांनी खणातला माझा कागद काढून माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, "आता ह्यापुढे तरी लौकर लौकर चाल." आईला तुमचा निरोप सांगितला. तिने तो मला दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाली, "म्हंजे आपन दोघी बरोबर जाग्यावर हुब्या होतो." तिला त्याचं फार समाधान वाटलं. मला तेवढं पुरत नाही.

सानिका काल आली. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीनची. आल्या आल्या दोघांनी विहिरीत डोकावायला धाव घेतली. मी जाळी दाखवली, कडी दाखवली, मोटर कधी लावायची ते सांगितलं. तुळसाकाकू कठड्यापलीकडून म्हणाल्या, "पोरांचा आवाज येतोय, बरं वाटलं हो." मग माझं तोंड बघून आत गेल्या. सानिका मनाने चांगली आहे. चार तासांत तिने मला दोनदा जेवायला बसवायचा प्रयत्न केला, माझ्याच स्वयंपाकघरात.

दुपारी आम्ही तुमच्या खोलीत गेलो. तिने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात तुमच्या साड्या तशाच आहेत, कडक घड्या घातलेल्या. ती म्हणाली, "वेदिकाताई, बाई कधी येणारेत? येणार असतील तर हा कप्पा असाच ठेवते. पोरांचे कपडे काय, खोक्यात पण राहतील."

बाई, तिने खरंच ठेवला असता. पाच वर्षं ठेवला असता. मी नुसतं ‘बघू’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी वरच्या साडीची घडी उलगडून पुन्हा घालत राहिले. तिला वाटलं, मुलांच्या दंग्यात मला ऐकू आलं नाही. तिने जवळ येऊन मोठ्याने पुन्हा विचारलं, बाई कधी येणारेत?

मी सांगितलं, "येणार नाहीत. करा रिकामा."

मग आम्ही दोघींनी मिळून केला.

वेदिका